पेटीतला नववा नान

ताश्कंद, ३ मार्च २००३

प्रिय मुनव्वरजान,

तुला, तुझ्या लोबरला आणि तुझ्या त्या भट्टीलाही माझा सलाम. आम्ही मायलेक बरे आहोत. माझे कान तेवढे दिवसेंदिवस रुसत चाललेत. परवा शेजारणीकडे फोन कानाला लावून बघितला, तर आत भुंगा अडकल्यासारखं नुसतं गुणगुणत होतं. बाहुल्यांच्या थिएटरात तीस वर्षं कर्ण्याखाली बसून कपडे शिवले, त्याचं हे बक्षीस. तेव्हा आपलं बोलणं पत्रातूनच, आणि पत्रं हमीद आकाच्या गाडीतूनच.

कामाचं आधी. गेल्या वर्षी आपला मातीचा फळवाला घेऊन गेलेल्या रीगाच्या बाई आठवतात ना? त्यांना आता आख्खं घर हवंय. स्वयंपाकघर, पाहुण्यांची खोली, अंगण आणि नव्या नवरीची खोली. सगळं खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याचं. माणसं मी करते. दारं, खांब, पाळणा, फडताळ माझा इक्रम करतोय. अक्रोडाच्या जुन्या दाराचा तुकडा त्याला मिळालाय, तेव्हापासून जेवायचं विसरलाय. रेशमाची मात्र पंचाईत झाली. बाजारात सगळी नक्षी मोठी. बाहुलीच्या अंगावर एकच फूल मावतं आणि ती पडदा गुंडाळल्यासारखी दिसते.

जेवण तुझं, नेहमीसारखं मातीचं. आठ नान, अंगठ्याच्या नखाएवढे, मधला ठसा अगदी स्पष्ट. कढईभर पलोव. सोळा साम्सा, त्रिकोणी, भाजलेल्या. दोन खरबुजं, त्यातलं एक चिरलेलं. काळ्या द्राक्षांचा घोस. सहा पेले, एक किटली, फडताळात ठेवायला ताटं, आणि नवरीच्या खोलीसाठी फळांचं एक ताट. नानांची खालची बाजूही नीट भाजलेली दाखव, ह्या बाई सगळं उलटं करून बघतात.

आता खरी गोष्ट. मुद्दामच शेवटी ठेवली. इक्रम सत्तावीसचा झाला. मी सतरा मुली सुचवल्या, सतराही वेळा त्याने रंधा मारायला घेतला. पण तुझी पेटी आली की हा भिंग घेऊन अर्धा अर्धा तास तुझ्या नानांकडे बघत बसतो. परवा विचारत होता, "लोबर पण करते का गं हे काम?" आईला एवढं पुरे! तुझी लोबर मला सून म्हणून हवी आहे. रीतीप्रमाणे बायका घेऊन मागणी घालायला येईनच, पण आधी तुझ्या मनाचा अंदाज घ्यावा म्हणून लिहिते. माझा एकुलता एक मुलगा, तुझी एकुलती एक मुलगी. आपल्या आया सख्ख्या बहिणी होत्या, त्यांनाही वर बरं वाटेल. नीट विचार करून सविस्तर कळव.

तुझी
फझिलत ओपा

⁂

रिश्तान, १२ मार्च

आदरणीय फझिलत ओपा,

सलाम. हे मी सांगते आहे आणि लोबर लिहिते आहे. माझे हात मातीत आहेत. तुमचं पत्रही तिनेच मला काम करता करता वाचून दाखवलं.

सगळं समजलं. लाल माती चाळून ठेवली आहे, जुन्या मोज्यातून दोनदा. पलोवसाठी भाताची शितं वळून, सुकवून, पात्याने तोडायला बसलो आहोत. कढईला दीड हजार तरी लागतील. गाजरं पिवळ्या मातीच्या सालींची करू. नानांवर तीळ म्हणून रवा टाकून बघितला, तो भट्टीत जळला. आता नदीची बारीक वाळू चिकटवतो आहोत. ठशासाठी दात घासायच्या ब्रशाचे केस मेणात रोवून घेतले आहेत, त्याची टिंबं सुरेख उठतात. नवरोजच्या आधी पेटी पाठवते.

पण ओपा, एवढं मोठं पत्र लिहिलंत आणि शेवटी इक्रमबद्दल दोन शब्दही नाहीत? पोरगा दारं करतोय एवढंच कळलं. तब्येत वगैरे बरी आहे ना त्याची? काही लपवू नका.

तुमची
मुनव्वर

⁂

ताश्कंद, २५ मार्च

मुनव्वर,

तुझं पत्र वाचून मी दहा मिनिटं चूल विझवायचं विसरले. इक्रमबद्दल दोन शब्दही नाहीत? अगं, अर्धं पान त्याच्यावरच खर्ची घातलं होतं! माझी शाई फिकी होती की तुझं मन? म्हटलं, बाईला मुलगी द्यायची नाही, तर सरळ "नाही" म्हणावं. ऐकलंच नाही असं दाखवायचं, ही कुठली तऱ्हा? दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की नवरोजची गव्हाच्या अंकुरांची खीर ढवळायला बसले तरी डाव कढईवरच आपटत होते.

आणि मग पेटी आली.

आठ नान होते. मोजले. बरोबर आठ, एकाहून एक. साम्सा, खरबुजं, द्राक्षं, सगळं कापसात. आणि अगदी तळाशी, पांढऱ्या कापडाच्या घडीत, वेगळा ठेवलेला नववा नान. मधोमध तोडलेला! दोन अर्धे तुकडे, शेजारी खडीसाखरेचे दोन मातीचे खडे.

आधी वाटलं, खिंडीतल्या खड्ड्यांत फुटला असेल. पण इक्रमने भिंग लावलं. म्हणाला, "आई, हा फुटलेला नाही. कच्चा असतानाच तोडलाय, मग भाजलाय. तुटल्या कडेला आतला मऊ पांढरा भाग रंगवलाय." आणि कान लाल करून उठून गेला.

मुनव्वरजान, ह्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला हवा का? मुलीकडच्यांनी पांढऱ्या कापडावर नान तोडला म्हणजे सोयरीक ठरली. पत्रात लाजलीस आणि पेटीत होकार भरलास! किती गं नखरे तुझे! अल्ला तुझं भलं करो, तुझे हात सोन्याचे होवोत. आता सांग, आम्ही कधी येऊ, किती जणी येऊ. खऱ्या नानाचंही करायला हवं ना, मातीच्यावर किती दिवस भागवणार?

जाता जाता, पलोवच्या कढईचं झाकण लहान झालंय. आत पडतं. दुसरं कर.

तुझी विहीण (म्हणू ना?)
फझिलत

⁂

रिश्तान, २ एप्रिल

आदरणीय ओपा,

सलाम. आज पुन्हा लोबरच लिहिते आहे.

झाकणाचं कळलं. भाजताना माती आक्रसते, दरवेळी सारखी आक्रसत नाही. नवीन पाठवते.

पण तुमच्या पत्रानं मी पार गोंधळले आहे. तुम्ही लिहिता, नऊ नान आले आणि नववा तुटलेला होता. मी आठच भरले होते. पेटी भरताना प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवते, मोजते, मगच कापूस. नववा आला कुठून? लोबरला विचारलं, तर म्हणते, "जास्तीचा एक होता, टाकवला नाही. नान कसा टाकायचा?" तेही खरं. मातीचा असला तरी आम्ही तो कचऱ्यात टाकत नाही. पण तुटका माल गिऱ्हाइकाकडे पाठवायचा? मी तिला चांगलीच झापली. तुम्ही तो बाजूला ठेवा, बाईंना दाखवू नका.

आणि तुटक्या तुकड्याबद्दल तुम्ही मला एवढे आशीर्वाद का दिलेत, तेही कळलं नाही. हात सोन्याचे होवोत म्हणे! माझ्या चुकीवर हसता आहात का? हसायचं तर हसा.

तुम्ही माझ्या ओपा, थोरल्या बहीण, म्हणून मनातलं सांगते. नवरोजला कोकंदहून दोन बायका लोबरला मागणी घालायला आल्या होत्या. चहा पाजला, गोड बोलले, परत पाठवल्या. त्याआधी आमच्याच गल्लीतले आले होते, त्यांनाही तेच. ओपा, ही मुलगी मी कुणालाही देणार नाही. घर श्रीमंत असो की ओळखीचं असो, डोंगराअलीकडचं असो की पलीकडचं. ती गेली तर हे घर उभं राहणार नाही. कारण विचारू नका.

तुमची
मुनव्वर

(हे आईने जसं सांगितलं, तसंच्या तसं लिहिलं आहे. — लिहिणारी)

⁂

ताश्कंद, १४ एप्रिल

मुनव्वर,

माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे तूच सांग. पेटी म्हणते घ्या मुलगी. पत्र म्हणतं कुणालाच देणार नाही. त्या दोघांमध्ये मी भिंतीसारखी उभी. "माझ्या चुकीवर हसता का" असं विचारतेस. कुठली चूक? होकार ही चूक आहे का? तुला होकार परत घ्यायचाय, तर नान तोडण्याआधी विचार करायचास ना बाई! एकदा तोडलेला नान कोण सांधतं? तू डिंक लावशील, पण लोक काय म्हणतील? मुलीचंच नाव खराब होईल, माझ्या मुलाचं काय जातंय?

तुझं पत्र आमच्या मोहल्ल्यातल्या सोरा आजीला वाचून दाखवलं. तिने आजवर पन्नास सोयरिकी जमवल्यात. ती पोट धरून हसली. म्हणाली, "फझिलत, तुला म्हातारपणी हेही सांगावं लागतं? मुलीची आई पहिल्यांदा नाही म्हणते, दुसऱ्यांदा नाही म्हणते. लगेच हो म्हणाली तर लोक म्हणतील, मुलगी जड झाली होती. उंबरा झिजव, चपला झिजव, मग बघ." ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तू आपली रीत पाळते आहेस! आणि मी वेडी तुझे शब्द खरे धरून बसले.

तर तू खुशाल नाही म्हण. मी मोहल्ल्यात हलवा वाटलाय. नववा नान पांढऱ्या कापडावर काचेखाली ठेवलाय, येणारी जाणारी प्रत्येक बाई बघून जाते आणि म्हणते, "एवढासा नान, पण किती मोठ्या मनानं तोडलाय!"

ह्या शनिवारी इक्रमला पाठवते आहे. निमित्त फडताळाचं. तुझी ताटं त्यात बसतात का बघायचं म्हणून. पाच वर्षांत बघितलं नाहीस त्याला, डोळे भरून बघून घे. बोलणार नाही तो. तूच बोल.

फझिलत

⁂

रिश्तान, २४ एप्रिल

आदरणीय ओपा,

सलाम. लोबर लिहिते आहे.

तुमच्या पत्रात ह्या वेळी फक्त सोरा आजीची खुशाली आणि हलव्याची कृती! हलवा आम्हीही असाच करतो. पण फडताळाचं काय झालं? ताटं मापात आहेत की नाहीत, हे फडताळ बघितल्याशिवाय कसं सांगू?

कळवण्यासारखं इथे फारसं काही नाही. शनिवारी विजेचं मीटर बघणारा आला होता. फारच सभ्य माणूस. आजवरचे मीटरवाले दारातूनच खेकसून जातात. हा आत येऊन बसला, तीन पेले चहा प्यायला, माझी तब्येत विचारली. आवाज हळू, शब्द मोजके. भट्टीचं दार दोन वर्षं लोंबकळत होतं, ते त्याने आपणहून काढलं, तासलं, बसवलं. लोबर त्याला खिळे देत होती. मी म्हटलं, "बेटा, तुझं लग्न झालंय का?" तर त्याच्या हातातला हातोडा पडला बहुतेक. जाताना माझे दोन्ही हात कपाळाला लावून गेला. मीटरवाला असं करतो का कधी? पण हल्ली सरकारी माणसं सुधारली असतील.

नवीन झाकण सोबत आहे.

तुमची
मुनव्वर

⁂

ताश्कंद, २९ एप्रिल

हमीदजान,

हे पत्र लोबरच्या हातात द्यायचं नाही. मुनव्वरला घराबाहेर बोलव, गाडीत बसव, काचा वर कर आणि तूच तिला वाचून दाखव. आवाज मोठा ठेव. एकही ओळ गाळलीस तर रिश्तानचं भाडं दुसऱ्याला देईन.

मुनव्वरजान,

माझ्या इक्रमला तू मांडीवर खेळवलंस. पाच वर्षांपूर्वी त्याच्या मामाच्या लग्नात त्याला आपल्या हाताने भरवलंस, आणि "किती बापावर गेलाय" म्हणून रडलीस. तो तुझ्यापासून दोन हातांवर बसून तीन पेले चहा प्यायला आणि तू त्याला मीटरवाला समजलीस?

शनिवारी रात्री तो परत आला. मी विचारलं, "मावशी काय म्हणाली?" तो म्हणाला, "माझं लग्न झालंय का विचारलं." मला वाटलं, थट्टा केलीस. तुझं पत्र आल्यावर त्याला पुन्हा समोर बसवलं. तेव्हा तो बोलला. दारात लोबरने त्याच्या पाया पडून सांगितलं म्हणे, "आज तुम्ही मीटरवाले व्हा, मी पुढे सगळं सांगते." आणि तू पेल्यात चहा ओतताना कडेला बोट धरलं होतंस. चहा बोटाला लागला की थांबत होतीस.

मुनव्वर, तुला दिसत नाही. हो ना?

आणि माझी पत्रं लोबर तुला कशी वाचून दाखवते ते आता माझ्या ध्यानात आलं. मी इक्रमबद्दल लिहिलं, मागणी घातली, नान तोडल्याबद्दल तुला विहीण म्हटलं, मोहल्ल्यात हलवा वाटला. ह्यातलं एक अक्षर तरी तुझ्या कानावर गेलं का? मला वाटतं, नाही गेलं. तो नान तुझ्या मुलीने तोडला. तिचा होकार आहे. तुझा आहे का, एवढंच आता मला कळायला हवं. ह्या वेळी पेटीतून नको, तोंडाने सांग.

तुझी ओपा
फझिलत

⁂

रिश्तान, ६ मे

फझिलत ओपांना हमीदचा सलाम. मुनव्वर ओपा सांगतायत, मी लिहितो. माझं लिहिणं गाडीच्या कागदांपुरतंच, चुका पोटात घाला.

ओपा,

हमीद आकाने तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, जुनी पत्रंही वाच. लोबर शेतावर गेली होती, मी तिच्या पेटीतून सगळी काढून आणली. गाडीत काचा बंद करून तीन तास बसलो. (खरंच तीन तास. उकडून जीव गेला. — हमीद)

तुम्ही बरोबर ओळखलंत. काचबिंदू. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा. उरलेलंही उरलं नाही. आता उजेड कुठून येतो तेवढं कळतं. नान मी थापते, गोल होतो, तो हाताला कळतो. पण ठसा, रंग, तीळ, शितं, द्राक्षं, सगळं लोबरचं. दोन वर्षं तुम्ही ज्याला मुनव्वरचा हात म्हणून नावाजता, तो लोबरचा हात आहे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण भीती वाटली. आंधळीला कोण काम देतं? आणि काम गेलं तर मी दिवसभर करायचं काय? भिंतीकडे तोंड करून बसायचं, तर भिंतही दिसत नाही.

मुलगी घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. मारलंही, खोटं कशाला बोलू. (हळूच मारलं. मी होतो. — हमीद) ती म्हणाली, "आई, तू गल्लीतल्यांना नाही म्हणालीस, कोकंदच्यांना नाही म्हणालीस. मला एकदा तरी विचारलंस का? तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून हाताने सांगितलं." मग मी विचारलं, "पत्रातलं गाळलंस का?" तर म्हणाली, "वाचलं असतं तर तू त्याच दिवशी 'नाही' लिहायला लावलं असतंस. आणि ते माझ्याच हाताने लिहावं लागलं असतं."

ओपा, तिचं चुकलं. पण माझं जास्त चुकलं, हे मला त्या गाडीत बसून कळलं. जावई व्हायला आलेला मुलगा माझ्या भट्टीचं दार बसवून गेला आणि मी त्याला लग्न झालंय का विचारलं! आख्खं रिश्तान हसेल. (कुणाला सांगणार नाही. — हमीद)

पण तुम्ही तोंडाने विचारलंत, तर तोंडानेच सांगते. माझं उत्तर नाहीच आहे. रीतीचं 'नाही' नव्हे, खरंखुरं 'नाही'. सोरा आजींना सांगा, ह्या बाईचा उंबरा झिजवू नका. इक्रममध्ये खोट नाही, त्याचा हात मी हातात धरलाय. पण ती डोंगरापलीकडे गेली तर मी कशी जगू? पेला भरण्यापुरतं बोट मला पुरतं, दिवस भरण्यापुरतं पुरत नाही. मी स्वार्थी आहे. ते मला माहीत आहे, तरी नाही म्हणते.

मुनव्वर

⁂

रिश्तान, १३ मे

फझिलत मावशी,

हे पत्र मी माझं म्हणून लिहिते आहे. आई शेजारीच बसली आहे, तिला एकेक ओळ वाचून दाखवते आहे. गाळलेलं काही नाही.

चूक माझी आहे. तुम्ही हलवा वाटलात, लोकांना नान दाखवलात, आणि आता तुम्हाला मान खाली घालावी लागणार. लोकांना सांगा, मुलगी उनाड निघाली, आईला न विचारता नान तोडला. मला राग येणार नाही, तेच खरं आहे.

मी आईला सोडून येणार नाही. नान तोडताना मला वाटलं होतं, पुढचं काहीतरी जमेल. काय जमेल ह्याचा विचारच केला नव्हता. त्या दिवशी इक्रम आका दार तासत होते, आई हसत होती, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी दोघांपैकी एकालाच ठेवू शकते. मी आईला ठेवलं.

नवरीच्या खोलीसाठी फळांचं ताट ह्यासोबत पाठवते. बाईंचं घर अडू नये. नववा नान परत पाठवा, किंवा तुमच्याकडेच असू द्या. मला काय करायचं ते समजत नाही.

लोबर

⁂

ताश्कंद, ८ जुलै

मुनव्वरजान,

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज होतं, हात धजत नव्हता.

लोबरचं पत्र इक्रमने वाचलं. मी दाखवलं नव्हतं, त्याने घेतलं. मग तीन आठवडे आमच्या घरात फक्त रंध्याचा आवाज. म्हणजे असावा, मला कुठे ऐकू येतो! रीगाच्या बाईंचं घर पुरं झालं, त्या येऊन घेऊन गेल्या, फार खूश झाल्या. त्याच संध्याकाळी इक्रमने आपली हत्यारं गोणपाटात बांधली आणि माझ्यासमोर बसला. मोठ्याने, मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, लाकूड रिश्तानमध्येही मिळतं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला आणि मी उठून दाराला कडी घातली. घरजावई! माझा एकुलता एक मुलगा सासरच्या अंगणात जाऊन राहणार! मोहल्ल्यात मी हलवा वाटला तो सून येणार म्हणून, मुलगा जाणार म्हणून नव्हे. पंधरा दिवस भांडले. त्याची करवत लपवली. जेवण सोडलं. शाप दिले, तुलाही दिले, लोबरलाही दिले, ते मी परत घेते. सोरा आजी म्हणाली, "असला मुलगा नसलेला बरा." तिला मी घराबाहेर काढलं. माझ्या मुलाला नावं ठेवायचा हक्क माझा.

शेवटी एके दुपारी तुझं ते पत्र पुन्हा वाचलं, हमीदच्या अक्षरातलं. मी कशी जगू, असं तू विचारलंस. आणि मला माझं पहिलं पत्र आठवलं. मी तुझी एकुलती एक मुलगी मागितली होती, द्राक्षं आणि साम्सा मागवल्यावर, शेवटच्या परिच्छेदात! सुनेनं येणं मला इतकं साधं वाटलं की त्यात कुणाचं घर रिकामं होतं हे डोक्यातच आलं नाही. आता माझं होतंय, तेव्हा कळलं.

तर मी त्याला देते आहे. काल अंगणात जेवणाचा दस्तरखान पसरला, खरा नान आणला, पांढऱ्या कापडावर ठेवला आणि मीच तोडला. मुलीकडच्यांनी तोडायचा असतो. ह्या वेळी मुलीकडची मी आहे, असं समज. लोक काय हसायचे ते हसून घेतील. मी तशीही ऐकत नाही.

लोबर, हे पत्र तूच वाचते आहेस ना? पुढचं आईला वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल. हे तुझ्यासाठी आहे. मुलगी सासरी पाठवताना आया जे सांगतात, ते मला कधी कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. मुलगा झाला तेव्हा सुईण म्हणाली होती, "तू सुटलीस, तुला पाठवणी नाही."

तो तुमच्याकडे नवा आहे. काही चुकलं तर समजावून सांगा, शेजाऱ्यांना सांगू नका. रागावला की बोलत नाही, दोन दिवस जाऊ द्या. कांदा खातो, पण कच्चा नाही. थंडीत त्याची बोटं फुटतात, मेंढीची चरबी लावायला लावा. तो आपणहून लावणार नाही. आईची आठवण आली तर सांगणार नाही, लाकूड तासत बसेल. तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसा.

आणि दुपारी त्याला जेवायला हाक मारत जा. पहिल्या हाकेला तो येत नाही. दुसरी मारावी लागते.

तुमची
फझिलत